कोंडा टाकताय? जरा थांबा!

परवा आमच्या बचतगटाच्या बैठकीत मी म्हटलं, "आज आपण कोंड्याविषयी बोलणार आहोत." तर मागच्या रांगेतून एकजण लगेच म्हणाली, "ताई, लिंबू लावून बघितलं, दही लावून बघितलं, काही उपयोग झाला नाही बघा!" सगळ्याजणी खळखळून हसल्या. मीही हसले. मग पिशवीतून पिठाची चाळण काढून समोर धरली आणि म्हटलं, "अगं, डोक्यातला नाही, ह्यातला!" तशी पुन्हा एकजण म्हणाली, "त्याच्यात काय बोलायचंय? तो तर आम्ही गाईला घालतो."

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी हेच होतं. गिरणीतून दळण आलं की आधी पीठ चाळायचं, चाळणीत राहिलेला कोंडा दारातल्या गाईला, नाहीतर झाडाच्या मुळाशी, नाहीतर सरळ कचऱ्याच्या डब्यात. आणि महिन्याभराने पोट साफ होत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून चूर्णाची डबी आणायची! एका हाताने टाकायचं आणि दुसऱ्या हाताने पैसे मोजून विकत घ्यायचं, असा हा उलटा व्यवहार. मीसुद्धा कित्येक वर्षं तो केला आहे, म्हणूनच आज हे लिहायला बसले.

सासूबाईंची चाळण

लग्न होऊन मी नाशिकला आले तेव्हा माझ्या पोळ्या पाहून आमच्याकडच्या एका नात्यातल्या बाईंनी नाक मुरडलं होतं. "पोळी कशी कापसासारखी पांढरी आणि मऊ हवी!" झालं, तेव्हापासून मी बारीक चाळण धरली. एकदा चाळून समाधान होईना, म्हणून पाहुणे यायचे असले की दोनदा चाळायची. सासूबाई ओट्यावर बसून बघायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "अगं, सगळा जीव काढून टाकतेस की त्या गव्हाचा! आमच्या वेळी जात्यावर दळायचो, कोंड्यासकट खायचो. आणि ते सकाळचं चूर्ण वगैरे कुणाला ठाऊक होतं?"

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण त्यांच्या तोंडी नेहमी असायची. खऱ्या भुकेला कोंडाही गोड लागतो आणि दमलेल्याला दगडावरही झोप लागते, असा तिचा अर्थ. 'कोंड्याचा मांडा करून खाणे' असंही आपण म्हणतो, म्हणजे गरिबीतही नेटका संसार करणं. दोन्हीकडे बघा, कोंडा म्हणजे गरिबाचं खाणं. म्हणूनच असेल, हातात चार पैसे आले की पहिलं काम आपण काय केलं, तर कोंडा ताटातून काढला. पांढरी पोळी ही प्रतिष्ठेची खूण होऊन बसली.

त्यातही गंमत अशी, की जुन्या बायकांनी कोंडा सगळाच टाकला नव्हता. उन्हाळ्यात कुरडया करताना आठवतंय ना? गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून-पिळून चीक काढायचा. चीक निघून गेल्यावर मागे उरतो तो चोथा. हा चोथा म्हणजे दुसरं काय, भिजलेला कोंडाच! आमच्या सासूबाई त्यात तिखट, मीठ, जिरं, तीळ, लसूण घालून छोट्या वड्या गच्चीवर वाळत घालायच्या. कुणी त्यांना भुसवड्या म्हणतं, कुणी चोथ्याच्या वड्या. पांढऱ्याशुभ्र कुरडया लग्नाच्या रुखवतात आणि पाहुण्यांच्या ताटात जायच्या, भुसवड्या घरातल्या बायकांच्या वाट्याला यायच्या. आता कळतं, की त्या बाबतीत बायकांचाच फायदा होत होता.

दाण्यात काय दडलंय?

गव्हाचा दाणा हातात घेऊन बघा. त्याचे तीन भाग असतात. वरचं तपकिरी आवरण म्हणजे कोंडा, एका टोकाला इवलासा अंकुर आणि मधला सगळा पांढरा पिठूळ गर. १०० किलो गहू घेतला तर त्यात कोंडा साधारण १४-१५ किलो, अंकुर अडीच-तीन किलो आणि बाकी सगळा गर. मैदा म्हणजे फक्त हा गर. कोंडा आणि अंकुर दोन्ही त्यातून काढून टाकलेले असतात.

आता कोंड्यात काय असतं ते बघू. १०० ग्रॅम कोंड्यात सुमारे ४३ ग्रॅम निव्वळ चोथा, म्हणजे डॉक्टर ज्याला तंतुमय पदार्थ किंवा फायबर म्हणतात तो, असतो. प्रथिनं १५-१६ ग्रॅम आणि स्निग्धांश चार ग्रॅमच्या आसपास. लोह दहा मिलिग्रॅम, जस्त सात मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सहाशे मिलिग्रॅम आणि फॉस्फरस तर हजार मिलिग्रॅमपर्यंत. शिवाय नायसिन, थायमिन अशी 'ब' गटातली जीवनसत्त्वं. कोंड्याच्या अगदी आतल्या बाजूला, गराला चिकटून एक पातळ थर असतो, त्यात ह्या क्षारांचा आणि जीवनसत्त्वांचा मोठा साठा असतो.

मी एकदा मुद्दाम तोलून पाहिलं. पाच किलोच्या दळणातून माझ्या बारीक चाळणीत पाव किलोच्या वर कोंडा निघाला. आमच्या पाच माणसांना महिन्याला वीस किलो गहू लागतो. म्हणजे महिन्याला किलोभर कोंडा मी बाहेर टाकत होते. पीठ चाळलं म्हणजे त्याचा मैदा होत नाही हे खरं, बारीक कोंडा पिठात राहतोच. पण जो जाडा कोंडा जातो तोही काही कमी नाही. न चाळलेल्या कणकेत १०० ग्रॅममागे साधारण ११ ग्रॅम चोथा असतो, मैद्यात जेमतेम तीन. आपली चाळण जितकी बारीक, तितकी आपली पोळी मैद्याच्या दिशेला सरकते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आपण नाशिककर तर ह्या बाबतीत भाग्यवान. द्राक्ष आणि कांद्यासाठी आपला जिल्हा सगळ्यांना ठाऊक, पण गव्हासाठीही तो महत्त्वाचा आहे हे किती जणींना माहीत आहे? निफाडजवळ कुंदेवाडीला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू संशोधन केंद्र आहे. तिथे तयार झालेल्या वाणांची नावं ऐका: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी! जणू आपल्या नाशिकची सहलच. त्र्यंबक आणि तपोवन हे पोळीचे सरबती गहू, तर गोदावरी आणि पंचवटी हे बन्सी, म्हणजे रवा, शेवया, कुरडयांना चांगले. इतकी मेहनत घेऊन कुणी आपल्यासाठी गहू तयार करतं, शेतकरी तो पिकवतो, आणि त्याचा चांगला भाग आपण चाळणीतून उचलून फेकून देतो.

माझी चूक

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, की मी आता म्हणणार, 'उद्यापासून सगळ्याजणी कोंडा खा.' थांबा. ह्याच घाईने मी एकदा मोठी चूक केली होती. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

निफाड तालुक्यातल्या एका गावी आमच्या गटाचं काम चालतं. बैठक संपली तरी एकजण रेंगाळत होती. वय असेल पस्तिशीचं. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? कुणाला सांगू नका." मग पदर तोंडाला लावून जे सांगितलं ते ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. तिला तीन-तीन, चार-चार दिवस शौचाला होत नव्हतं. झालं की रक्त पडायचं. दोन वर्षं ती हे सोसत होती. नवऱ्याला नाही, सासूला नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं. "असलं दुखणं कुणाला सांगायचं?" हे तिचं वाक्य.

मी नुकतंच कुठेतरी कोंड्याविषयी वाचलेलं. मोठ्या उत्साहाने म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं! रोज मूठभर कोंडा खा, महिन्यात फरक पडेल." ती बिचारी 'बरं ताई' म्हणून गेली.

पंधरा दिवसांनी गेले तर ती बैठकीला आलेलीच नव्हती. घरी गेले. पोट फुगून टम्म झालेलं, दुखणं आधीपेक्षा वाढलेलं. माझ्यावर विश्वास ठेवून तिने रोज सकाळी मूठभर कोरडा कोंडा खाल्ला होता. मी तिला घेऊन तालुक्याच्या गावी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, मूळव्याध आहे म्हणाल्या, औषध दिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कोंडा तुम्ही सांगितलात. पाणी सांगितलंत का?"

मी गप्प.

मग त्यांनी तिला विचारलं, "दिवसभरात पाणी किती पितेस?" ती म्हणाली, "सकाळी चहा पिते. मग सांजच्याला घरी आल्यावर." ती कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जायची. सकाळी आठला गेली की संध्याकाळी सहाला घरी. खळ्यावर बायकांसाठी शौचालय नव्हतं. आडोसाही नव्हता. मग सगळ्या बायकांनी आपापला उपाय शोधला होता: पाणीच प्यायचं नाही! लघवीला जायला नको म्हणून दिवसभर घसा कोरडा ठेवायचा. उन्हातान्हात, कांद्याच्या धुळीत, दहा तास.

मैत्रिणींनो, मी सुन्न झाले. मी पोटाचं औषध सांगत होते आणि दुखण्याचं मूळ खळ्यावर होतं. पण हे फक्त खळ्यावरच्या बाईचं नाही. शाळेत शिकवणारी, दुकानात उभी राहणारी, एसटीने रोज जाणारी-येणारी, अंगणवाडीत काम करणारी, किती जणी घराबाहेर पडताना मुद्दाम पाणी कमी पितात? स्वतःला विचारून बघा. २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, त्यानंतर गावागावांत घरोघरी शौचालयं झाली, ही चांगलीच गोष्ट. पण बाई काम करते तिथे काय?

कोंडा काम कसा करतो?

डॉक्टरीणबाईंनी मग मला नीट समजावून सांगितलं, ते मी तुम्हाला सांगते. गव्हाच्या कोंड्यातला बहुतेक चोथा पाण्यात विरघळत नाही आणि आपल्याला पचतही नाही. तो आतड्यात स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, फुगतो. त्यामुळे मळ मऊ आणि भरीव होतो आणि आतडं त्याला सहज पुढे ढकलू शकतं. कुंथावं लागत नाही, साहजिकच मूळव्याधीचा त्रास कमी होतो. पण पाणीच नसेल तर? मग तोच चोथा घट्ट बसतो आणि वाट अडवतो. पाणी न घालता कणीक मळायला घेतली तर काय होईल, तसंच.

कोंड्याचं हे महत्त्व जगाला पटवून देणारा माणूस म्हणजे डॉ. डेनिस बर्किट. मूळचे आयर्लंडचे हे शल्यविशारद अनेक वर्षं आफ्रिकेत, युगांडामध्ये काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, की तिथल्या खेड्यांतली माणसं कोंड्यासकट धान्य, कंदमुळं खातात आणि त्यांच्यात बद्धकोष्ठता, मूळव्याध, अपेंडिक्सची सूज, आतड्याचा कर्करोग हे विकार फार क्वचित दिसतात. इंग्लंडमध्ये मात्र पांढरा पाव खाणाऱ्यांत ते घरोघरी! १९७०च्या दशकात त्यांनी ही गोष्ट जगभर सांगितली आणि तिकडे कोंड्याची एकच लाट आली. त्यांचं सगळंच म्हणणं पुढच्या संशोधनात जसंच्या तसं टिकलं नाही, पण पोट साफ राहण्याचा मुद्दा पक्का ठरला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१० मध्ये मान्य केलं, की गव्हाच्या कोंड्यातला चोथा रोज निदान दहा ग्रॅम पोटात गेला तर अन्न आतड्यातून लवकर पुढे सरकतं.

कोंड्यासकट अख्खं धान्य खाणाऱ्यांत मधुमेह, हृदयविकार आणि आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण कमी दिसतं, असंही अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. मात्र कोंड्याने मधुमेह 'बरा' होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कोलेस्टेरॉल कमी करण्यातही गव्हाच्या कोंड्याचा फारसा वाटा नाही. त्यासाठी ओट्स, इसबगोल, कडधान्यं ह्यांतला पाण्यात विरघळणारा चोथा लागतो. प्रत्येकाचं काम वेगळं.

किती आणि कसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाच्या पोटात रोज निदान २५ ग्रॅम चोथा जायला हवा. ऐकायला अवघड वाटतं, पण हिशोब सोपा आहे. न चाळलेल्या कणकेच्या चार मध्यम पोळ्या खाल्ल्या की १३-१४ ग्रॅम झाला. वाटीभर उसळ किंवा सालाची डाळ, दोन्ही वेळची भाजी, एखादा पेरू किंवा दोन केळी, झाले २५ पुरे! म्हणजे वेगळा कोंडा विकत आणायची गरजच नाही. चाळण बाजूला ठेवली की निम्मं काम होतं.

पोळी जाड होते, वातड होते, मुलं खात नाहीत, अशी तक्रार येणार. त्यावर माझा अनुभव सांगते. कणीक नेहमीपेक्षा थोडी सैल भिजवायची आणि अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायची. कोंडा पाणी पिऊन मऊ होतो. मग तेलाचा हात लावून पुन्हा मळायची. गिरणीवाल्याला 'बारीक दळा' म्हणून सांगायचं. आणि घरच्यांना एकदम धक्का द्यायचा नाही. मी पहिल्या महिन्यात चाळून काढलेल्या कोंड्यातला निम्मा परत कणकेत घातला, पुढच्या महिन्यात सगळा. कुणाला कळलंसुद्धा नाही!

ज्यांना त्रासच आहे त्यांनी वरून कोंडा घ्यायचा झाला तर चहाच्या एका चमच्यापासून सुरुवात करावी आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू दोन-तीन मोठ्या चमच्यांपर्यंत जावं. एकदम मूठभर घेतला तर गॅसेस, पोटफुगी ठरलेली. आणि कोरडा कधीच नाही. ताकात, वरणात, दुधात भिजवून घ्यायचा आणि दिवसभरात आठ-दहा पेले पाणी प्यायचं. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी विचारूनच करावं.

हे आधी वाचा

कोंडा घरचा आहे म्हणून तो सगळ्यांनाच चालतो असं नाही.

कोंड्यात फायटिक आम्ल असतं. ते लोह, जस्त, कॅल्शियम ह्यांना बांधून ठेवतं आणि शरीराला ते पुरते मिळू देत नाही. म्हणून कोंड्यात लोह भरपूर असलं तरी त्याने रक्त वाढेल ह्या भरवशावर राहू नका. आपल्या महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. तेव्हा लोहाची गोळी चालू असेल तर ती कोंड्याच्या पदार्थाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका. मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा आणि गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. लोहाच्या गोळीने गरोदर बाईला बद्धकोष्ठ होतं म्हणून पुष्कळजणी गोळीच बंद करतात. तसं करू नका, पाणी आणि चोथा वाढवा, आणि तरी त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. कोंडा ताकात रात्रभर भिजवला, आंबवला की हे आम्ल बरंच कमी होतं. आपल्या भुसवड्यांचे गहू तीन दिवस भिजतात, ते उगाच नाही!

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेणाऱ्यांनी कोंड्याचे पदार्थ नंतर, डॉक्टरांना विचारून घ्यावेत. गव्हाची ॲलर्जी किंवा गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा सिलिॲक विकार असेल तर कोंडा वर्ज्यच. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, आतड्याला अडथळा किंवा सूज असलेली माणसं, मूत्रपिंडाचे रुग्ण ह्यांनी परस्पर प्रयोग करू नयेत. ज्यांचं आतडं नाजूक आहे, वारंवार पोटात मुरडा येतो, अशांनाही कोंड्याने कधीकधी त्रास वाढतो. लहान बाळांना वरून कोंडा देऊ नये, त्यांचं पोट लवकर भरतं आणि मग दूध, वरण-भात मागे राहतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शौचातून रक्त पडत असेल, शौचाची सवय अचानक बदलून काही आठवडे तशीच राहिली असेल, वजन उतरत असेल, तर आधी डॉक्टर, मग कोंडा. लाजू नका. दुखणं लपवलं म्हणून बरं होत नाही.

आणखी एक. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात पोत्यातून मिळणारा गव्हाचा भुसा आपल्या खाण्यासाठी नसतो. तो घेऊ नका. घरचे गहू निवडून, धुऊन, कडक उन्हात वाळवून दळा. धूळ, फवारणीचा अंश, साठवणीसाठी लावलेली पावडर हे सगळं वरच्या आवरणालाच चिकटलेलं असतं. कोंडा खायचा तर धुण्याचा आळस नको. आणि कोंड्यातल्या तेलामुळे तो लवकर खवट होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीज असेल तर त्यात ठेवा आणि महिन्याभरात संपवा. कडवट वास आला की तो झाडांना घाला.

माझ्या स्वयंपाकघरातून

कोंड्याचं धिरडं : एक वाटी कोंडा दोन वाट्या ताकात रात्री भिजत घाला. सकाळी त्यात वाटीभर ज्वारीचं पीठ, दोन चमचे बेसन, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, आलं-मिरचीचं वाटण, जिरं, मीठ घाला. लागेल तसं पाणी घालून सरसरीत करा. तव्यावर तेल सोडून झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. डब्यालाही चालतं.

थालीपीठ : चार वाट्या भाजणीत एक वाटी कोंडा मिसळा आणि गरम पाण्यात भिजवून पंधरा मिनिटं ठेवा. बाकी नेहमीसारखं.

कोंड्याचे लाडू : एक वाटी कोंडा मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडा भाजा. अर्धी वाटी भाजलेले तीळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट आणि वेलची घाला. तीन चमचे तुपात वाटीभर चिरलेला गूळ विरघळवून त्यात हे सगळं घाला आणि गरम असतानाच वळा. एका वेळी एकच लाडू, वर पेलाभर पाणी!

भुसवड्या : कुरडयांचा उरलेला चोथा घट्ट पिळून घ्या. त्यात लाल तिखट, मीठ, जिरं, तीळ, ठेचलेला लसूण घालून छोट्या वड्या कडक वाळवा. तळण्यापेक्षा रस्साभाजीत किंवा आमटीत सोडा, छान लागतात.

आणि उरलाच थोडा, तर चमचाभर कोंडा दह्यात कालवून हलक्या हाताने चेहऱ्याला, कोपरांना चोळा. आजीच्या काळचं हे उटणं आजही तितकंच चांगलं आणि फुकट!

खळ्यावरचा माठ

तुम्हाला त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं हे जाणून घ्यायचं असेल. डॉक्टरीणबाईंच्या औषधाने तिला आराम पडला. चाळण तिने खुंटीला टांगली. पण पाण्याचं काय? पुढच्या बैठकीत आम्ही हाच विषय घेतला. तिचं नाव न घेता मी विचारलं, "खळ्यावर पाणी कोण-कोण पितं?" एकही हात वर झाला नाही. मग एकेक जण बोलू लागली. कुणाला लघवीला जळजळ, कुणाला मूतखडा, कुणाला बद्धकोष्ठ. प्रत्येकीला वाटत होतं, हे आपल्या एकटीचंच दुखणं आहे.

आम्ही दहा-बारा जणी मिळून खळ्याच्या मालकांकडे गेलो. भांडायला नाही, सांगायला. पहिल्यांदा ते म्हणाले, बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, कांद्याचा हंगाम संपू द्या. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या घरातल्या वहिनी बाहेर आल्या, सगळं ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ह्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं का?" पुढच्या महिन्यात खळ्याच्या कोपऱ्यात पत्र्याचं का होईना, दार लागणारं, पाण्याची सोय असलेलं शौचालय उभं राहिलं. शेजारी बायकांनी स्वतःच्या वर्गणीतून माठ आणून ठेवला.

मागच्या महिन्यात मी तिकडे गेले तेव्हा तिने मला घरी जेवायला थांबवून घेतलं. पिठलं, ठेचा आणि तपकिरी, थोडी जाडसर पोळी. वाढता वाढता म्हणाली, "ताई, पोळी जाड झाली का ओ?"

मी म्हटलं, "नाही गं, अशीच असू दे. आणि आधी मला तांब्याभर पाणी दे. तूही घे."